पान लागलं

आमच्याकडे ‘साप चावला’ असं कुणी सहसा म्हणत नाही. ‘पान लागलं’ म्हणतात. दिवेलागणीनंतर तर सापाचं नावच घ्यायचं नाही. ‘जनावर’ म्हणायचं, ‘लांबडं’ म्हणायचं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात वाढले, आजीच्या तोंडून हे शब्द लहानपणापासून ऐकलेले. तरीही एम.डी. होऊन मेडिकल कॉलेजात लेक्चरर झाले आणि गावोगावच्या मृत्यूंची विचारपूस करायला पहिल्यांदा बाहेर पडले, तेव्हा मी छापून घेतलेल्या फॉर्मवर प्रश्न होता : ‘मृत व्यक्तीस सर्पदंश झाला होता काय?’

घरोघर उत्तर मिळत गेलं, ‘नाही.’

चौथ्या की पाचव्या घरी ओसरीवर एक आजीबाई तूर पाखडत बसली होती. तिचा तरणाताठा मुलगा दोन पावसाळ्यांपूर्वी जागलीला म्हणून वावरात गेला होता, सकाळी लोकांनी खाटेवर घालून घरी आणला. माझ्या विद्यार्थ्याने फॉर्मवरचा प्रश्न वाचून दाखवला. आजीबाई म्हणाली, ‘दंश-बिंश काई नाई झाला बापा. त्याले पान लागलं होतं.’

विद्यार्थी मुंबईचा होता. त्याने ‘नाही’च्या चौकटीत खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला. मी त्याच्या हातातून पेन घेतलं. मग आम्ही आधीच्या सगळ्या घरांना परत गेलो.

तीस वर्षांहून जास्त काळ मी औषधवैद्यकशास्त्र शिकवलं, थोडंफार संशोधन केलं, वर्तमानपत्रांत आरोग्यावर लिहिलं. गेल्या वर्षी निवृत्त झाल्यावर अनेकांनी विचारलं, या तिन्हीत जास्त आवडतं काय? मला ही तीन कामं कधी वेगळी वाटलीच नाहीत. तिन्ही एका सकाळपासून सुरू झाली. त्या सकाळबद्दल मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

१९८८ चा जुलै महिना. एम.बी.बी.एस. होऊन मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले होते. पहाटे साडेपाचला बैलगाडीतून एक अकरा वर्षांची मुलगी आणली. रात्री भाजी-भाकर खाऊन नीट झोपली होती, चारच्या सुमाराला उठून बसली, पोट दुखतं म्हणाली, दोनदा उलटी झाली. मी पोट दाबून पाहिलं. मऊ होतं. ताप नाही, जुलाब नाही. जंत असतील, असं मनाशी ठरवून मी पोटदुखीचं इंजेक्शन दिलं आणि तिला खाटेवर झोपवलं. सातच्या सुमाराला तिची आई माझ्या खोलीच्या दारात आली. ‘डाक्टरीन बाई, हे डोये उघडून नाई राह्यली.’ मी म्हटलं, रात्रभर जागी आहे, झोपू द्या.

अर्ध्या तासाने पुन्हा पाहिलं, तेव्हा तोंडातून लाळ गळत होती आणि ती गिळू शकत नव्हती. आईच्या हाकेला तिने मान हलवायचा प्रयत्न केला, मानही उचलली जात नव्हती. काहीतरी भयंकर चाललंय हे कळलं, पण काय, ते कळेना. जीप मिळेपर्यंत श्वास थांबला. मी तोंडाने श्वास देत राहिले. जीपमध्ये घातली, तेव्हा ती गेलेली होती.

रजिस्टरात मी लिहिलं, ‘तीव्र पोटदुखी. मृत्यूचे कारण अज्ञात.’ ती नोंद माझ्या अक्षरात आहे.

पुढच्या वर्षी नागपूरला एम.डी.ला असताना एका सकाळी राउंडवर आमचे सर मण्यारच्या विषाबद्दल बोलत होते. मण्यार रात्री हिंडते, उंदरांच्या मागे घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात जाते. तिचे दात इतके बारीक की चावल्याची खूण बहुतेक वेळा सापडत नाही. सूज नाही, आग नाही. पुष्कळदा माणसाची झोपही मोडत नाही. पहाटे पोट दुखायला लागतं, उलटी होते. विष नसांच्या टोकांवर काम करतं, स्नायूंपर्यंत निरोप पोचेनासा होतो. आधी पापण्या पडतात, मग गिळणं जातं, मग श्वास. सर पुढे म्हणाले, ‘आणि लक्षात ठेवा, या सगळ्या वेळात पेशंट शुद्धीवर असतो. त्याला तुमचं बोलणं ऐकू येत असतं.’

मी राउंड सोडून जिन्यात जाऊन बसले. ‘झोपू द्या’ हे माझं वाक्य त्या मुलीने ऐकलं होतं.

त्याच सुमाराला वाचनालयात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या अंकात गडचिरोलीचं नाव पाहिलं. डॉ. राणी आणि अभय बंग यांचा तो १९८९ चा निबंध. गडचिरोली जिल्ह्यातली दोन खेडी, ६५० स्त्रिया. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. मी तो अंक तिथेच उभ्याने दोनदा वाचला. हजारो पानांची पाठ्यपुस्तकं आम्ही घोकत होतो, आणि ती सगळी लिहिली गेली होती दवाखान्यात पोचलेल्या बायकांवरून. घरात कळ काढत राहिलेल्या बाईचं नाव कुठल्याच रजिस्टरात नव्हतं, म्हणून पुस्तकातही नव्हतं. हे सांगायला दोन डॉक्टर आपल्याच विदर्भातल्या दोन गावांत जाऊन बसले होते.

त्याआधी संशोधन म्हणजे मोठी प्रयोगशाळा, परदेशी यंत्रं, असंच डोक्यात होतं. आमच्याच नागपूर मेडिकलमधून शिकून महाडला गेलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९८० च्या दशकात ग्रामीण दवाखान्यात विंचूदंशाच्या रोग्यांच्या खाटेशी रात्र-रात्र बसून नोंदी काढत होते; त्यातून प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने माणसं वाचतात हे त्यांनी जगाला दाखवलं. त्यांचं नाव आमच्या होस्टेलमध्ये निघायचं. पण मला धीर दिला तो गडचिरोलीच्या त्या निबंधाने. कारण त्यात यंत्र जवळजवळ नव्हतंच; घराघरात जाऊन विचारणं होतं, तपासणं होतं आणि मोजणं होतं.

म्हणून लेक्चरर झाल्यावर मी गावांत जायला लागले. पैसा नव्हता. दोन-तीन विद्यार्थी, एक जुनी स्कूटर, एसटी, आणि रविवार. मेलेल्या माणसाच्या घरी जाऊन ‘कसं झालं?’ विचारणं हे काम सोपं नाही. लोक रागावत नाहीत, उलट चहा ठेवतात, आणि ते जास्त जड जातं. एका घरी बाप म्हणाला, ‘तीन साल झाले मॅडम, पहिल्यांदाच कोनी इचारून राह्यलं.’ फॉर्म बाजूला ठेवून आम्ही तासभर नुसतं ऐकत बसलो.

या विचारपुशीला शास्त्रात रीतसर जागा आहे. गेलेल्या माणसाच्या नातेवाइकांकडून शेवटच्या आजाराची हकीकत लिहून घ्यायची, मग दोन डॉक्टरांनी ती एकमेकांना न विचारता वाचून मृत्यूचं कारण ठरवायचं. देशाच्या रजिस्ट्रार जनरलच्या कार्यालयाने साथरोगशास्त्रज्ञ डॉ. प्रभात झा यांच्यासोबत हेच काम फार मोठ्या प्रमाणावर केलं, ‘मिलियन डेथ स्टडी’ या नावाने. त्यातला सर्पदंशाचा निबंध २०११ साली आला. २००५ या एका वर्षात भारतात सर्पदंशाने सुमारे ४६ हजार माणसं गेली, असा तो अंदाज होता. सरकारी दवाखान्यांच्या हिशेबात तेव्हा दरसाल काही हजारांच्या पलीकडे आकडा जात नसे. या मृत्यूंपैकी ९७ टक्के खेड्यांतले. आणि दर चारांतले तीन मृत्यू दवाखान्याबाहेरचे : घरी, वाटेत, मांत्रिकाच्या ओट्यावर. २०२० मध्ये त्याच गटाने पुढचा हिशेब मांडला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतली चौथ्या हिश्श्याहून जास्त पंधरा वर्षांखालची मुलं होती.

तो आकडा वाचताना मला एकच मुलगी दिसत होती, आणि ती या हिशेबात नव्हती; ती गेली १९८८ साली, आणि त्या सालच्या हिशेबातही ती नव्हती. तिचं कारण मी ‘अज्ञात’ लिहून ठेवलं होतं.

वर्गात मी हा प्रसंग दरवर्षी सांगत आले, नाव-गाव न घेता. हिस्ट्री घेणं, म्हणजे रोग्याची हकीकत विचारणं, ही आमच्या शिक्षणातली पहिली गोष्ट आणि सगळ्यांत आधी विसरली जाणारीही तीच. मुलं हुशार असतात. रक्ताच्या पन्नास तपासण्या सांगतील, एम.आर.आय. वाचतील. पण पहाटे पोटदुखी घेऊन आलेल्या बाईला ‘काल रात्री कुठे झोपली होतीस, खाटेवर की खाली?’ हा प्रश्न विचारायचं सुचत नाही. जून ते सप्टेंबर मी वॉर्डात दुसरा प्रश्न ऐकूनच घेत नसे. पहिला हाच हवा. पापण्या वर उचलायला सांगा, जीभ बाहेर काढायला सांगा, मोठ्याने एक ते वीस मोजायला सांगा. एका श्वासात आकडे किती जातात ते पाहा आणि तासाभराने पुन्हा पाहा. याला पैसा लागत नाही.

तशीच ती काचेची नळी. घोणस, जिला आमच्याकडे परडही म्हणतात, चावली तर रक्त गोठायचं थांबतं. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग तिरपं करून पाहायचं. पातळच राहिलं असेल तर सापाच्या विषावरचं इंजेक्शन लगेच सुरू. नळी प्लास्टिकची चालत नाही, साबणाने धुतलेली चालत नाही. एवढं साधं. तरी किती ठिकाणी ती नळीच सापडत नाही! माझे जुने विद्यार्थी लहान केंद्रांवर रुजू होताना मला विचारायचे, ‘मॅडम, सोबत कोणतं पुस्तक नेऊ?’ मी त्यांच्या हातात डझनभर काचेच्या नळ्या ठेवायची.

रजिस्टराचा रकाना कसा खोटं बोलतो, याचा आणखी एक अनुभव आहे. २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर विषबाधेने एकामागून एक दगावले, वीसच्या आसपास. देशभर बातम्या झाल्या. त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा अंगावर, तोंडावर पडत होता. पण फवारणीची विषबाधा आम्ही वॉर्डात त्याआधीही दर हंगामात बघत आलो होतो. रोजंदारीवर पंप पाठीला लावणारी पोरं यायची : बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, घामाने निथळणारी, तोंडाला फेस. आणि मी काम केलं त्या एका ठिकाणी केसपेपरावर शिक्का एकच होता, ‘विषप्राशन’. प्यायलेला आणि अंगावर उडालेला, दोघे एका रकान्यात. ज्याने थेंबही तोंडाला लावला नाही त्याच्या बायकोला गावात ऐकून घ्यावं लागायचं, ‘असं काय झालं होतं घरात?’ मी तो रकाना बदलून घ्यायला दीड वर्ष अर्ज करत राहिले.

मराठीत लिहायला लागले ती मात्र याच्या बरीच आधी. एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत जागा मिळाली होती. पहिले काही लेख आज वाचवत नाहीत. ‘चेतासंस्थेवर परिणाम करणारे विष’ असलं काहीतरी लिहायची. निबंध इंग्रजीत लिहिले की ते परदेशातले संपादक वाचतात, पदोन्नतीला उपयोगी पडतात. पण ज्या आजीबाईने पाखडणं थांबवून पोराची हकीकत सांगितली, तिच्या गावात त्यातलं अक्षरही परत जात नाही. हे मला लाजिरवाणं वाटायचं, अजूनही वाटतं. माहिती तिच्या घरून घेतली, तर ती तिच्या भाषेत तिच्या घरी पोचली पाहिजे. म्हणून मी ‘पापण्या जड होतात, उचलत नाहीत’ असं लिहायला शिकले. ‘पान लागलं’ असं लिहायला शिकले. एका संपादकांनी तो शब्द दोनदा खोडला, ग्राम्य म्हणून. तिसऱ्यांदा मी त्यांना फोन करून त्या सर्वेक्षणाची गोष्ट सांगितली. मग राहू दिला.

एकदा पावसाळ्याच्या तोंडावर मी लिहिलं, मण्यारपासून वाचायचं तर खाली झोपू नका, खाटेवर झोपा. आठवड्याने पोस्टकार्ड आलं, राळेगावकडच्या एका शेतकरी वाचकाचं. मजकूर एवढाच : ‘मॅडम, लेख आवडला. आमच्या घरी माणसं सात आणि खाट एक. खाटेवर बाबा झोपतात. बाकीच्यांनी काय करावं ते लिहावं.’

मी ते कार्ड घेऊन किती तरी वेळ बसून राहिले. मीही अशाच घरात वाढले होते. आमची खाट आजोबांची होती. आई, काकू आणि आम्ही पोरी खाली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, जिथे धान्याच्या कोठ्या आणि उंदीर. आठवत होतं सगळं, तरी सल्ला देताना मी खाट गृहीत धरली.

उत्तर शोधायला वाचन करावं लागलं. नेपाळच्या तराई भागातल्या एका अभ्यासात दिसलं होतं की मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना साप चावण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. मच्छरदाणी जमिनीवरही लावता येते, फक्त तिची कड सतरंजीखाली चहूबाजूंनी नीट खोचलेली हवी. मी पुढचा लेख तेवढ्यावरच लिहिला : कड कशी खोचायची, पोर रात्री लघवीला उठलं तर परत कोण खोचणार, बॅटरी उशाशी कुठे ठेवायची, धान्याची पोती झोपायच्या जागेपासून लांब का हवीत. चावलंच तर करकचून बांधू नका, कापू नका, चोखू नका. हात किंवा पाय हलू देऊ नका आणि गाडी काढा. मांत्रिकाकडे जायचंच असेल तर दवाखान्यातून परत येताना जा, हेही लिहिलं. या शेवटच्या वाक्यावर काही शहरी वाचक माझ्यावर रागावले, तुम्ही अंधश्रद्धेला जागा देता म्हणाले. त्यांचं म्हणणं मला पटलं नाही. पहाटे चार वाजता पोर घेऊन निघालेल्या बापाशी मला वाद घालायचा नव्हता, त्याने गाडी कुठे वळवावी एवढंच सांगायचं होतं. गावोगाव आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंनी त्या लेखाच्या झेरॉक्स काढून काही गावांत पंचायतीच्या फळ्यावर लावल्या.

२०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. २०२४ मध्ये आपल्या देशाचा कृती आराखडा आला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्यात ठरलं. त्याच वर्षाअखेरीस केंद्राने राज्यांना कळवलं की सर्पदंशाची प्रत्येक नोंद सक्तीची करा. हे पत्र वाचून मला झालेला आनंद घरात कुणाला नीट समजला नाही. माझ्या दृष्टीने ते छत्तीस वर्षं उशिरा आलेलं, पण आलेलं पत्र होतं.

गेल्या जुलैत पहाटे पावणेपाचला फोन वाजला. दोनच वर्षांपूर्वी माझ्या वॉर्डात इंटर्न असलेला मुलगा, आता एका लहान केंद्रावर एकटा. ‘मॅडम, तिशीतली बाई आहे, पोट दुखतंय, दोन उलट्या. खाली झोपली होती. खूण कुठेच नाही. मोजायला लावलं, वीसपर्यंत जायची, आता अकराला थांबते.’ मी विचारलं, पापण्या? ‘पडायला लागल्यात.’ इंजेक्शन? ‘सुरू केलंय. १०८ बोलावली आहे.’ मी एवढंच म्हटलं, अॅम्ब्यू बॅग गाडीत स्वतः घेऊन बस आणि तिच्याशी बोलत राहा, तिला ऐकू येतं.

पन्नास किलोमीटर तो हाताने बॅग दाबून तिला श्वास देत आला. आठ दिवस ती व्हेंटिलेटरवर होती. नळी काढल्यावर पहिल्यांदा तिने शेळीला चारा कोण घालतंय, ते विचारलं. संध्याकाळी त्या मुलाचा पुन्हा फोन. ‘मॅडम, रजिस्टरात काय लिहू? साप कुणी पाहिला नाही, खूण नाही.’ मी सांगितलं, मण्यारदंश लिही. साप पाहिला नाही, खूण सापडली नाही, हेही लिही. पहाटेची वेळ लिही, खाली झोपली होती ते लिही. सगळं लिही.

ती घरी गेल्यावर मी तिच्या गावाला गेले. ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, आवाज अजून घोगरा. आशाताई मच्छरदाणीची कड कशी खोचायची ते तिच्या सासूला दाखवत होती. गल्लीतल्या चार बाया जमल्या. त्यांतली एक म्हातारी मागे उभी राहून सगळं ऐकत होती. बाकीच्या पांगल्यावर ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, ‘बाई, मागल्या साली माह्या नातवाचंही असंच पोट दुखलं होतं. पहाटी, झाकटीलेच.’

मी चप्पल काढली आणि तिच्या घरात जाऊन बसले.